चालताना बोलता आलं पाहिजे

सातव्या महिन्यात मला सगळ्यांनी बसायला सांगितलं आणि एकट्या डॉक्टरीणबाईंनी चालायला. मला स्वतःला झोपायचं होतं. पण ते कोणी विचारलंच नाही.

चौतिसाव्या वर्षी, लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. मी मैसूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात होते. दिवसभर खुर्चीत बसून विद्यार्थ्यांचे दाखले टाइप करायचे, संध्याकाळी सुजलेले पाय चपलेत कोंबून अग्रहारातल्या, म्हणजे देवळाजवळच्या जुन्या वस्तीतल्या घरी यायचं. नवरा नोकरीसाठी बेंगळुरूला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. असे रोजचे दिवस ढकलणं चाललं होतं, तेवढ्यात तपासणीला ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. ते गोड पाणी पोटात ठेवता ठेवता जीव नकोसा झाला आणि दोन तासांनी घेतलेल्या रक्तात साखर निघाली. गरोदरपणातला मधुमेह.

डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये बोलत होत्या, सावकाश, शाळेतल्या बाईंसारख्या. घाबरू नका म्हणाल्या, आणि मी घाबरले. दर जेवणानंतर वीस मिनिटं चालायचं, एक तासाने बोटाला टोचून साखर बघायची, ती एकशे चाळीसच्या आत हवी. पंधरा दिवसांत उतरली नाही तर इन्सुलिन. बाळ झाल्यावर साखर बहुतेक जाईल, पण ज्या बाईला एकदा ही साखर होते तिला पुढे मधुमेहाचा आणि हृदयाचा धोका जास्त राहतो, म्हणून चालण्याची सवय लागली तर जन्मभर उपयोगी पडेल, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला हृदयविकार?

मी सांगितलं. माझी आजी, वडिलांची आई, बेचाळिसाव्या वर्षी चुलीपुढे बसल्या बसल्या गेली. तेव्हा पित्त झालं म्हणाले. धाकटी आत्या एकावन्नाव्या वर्षी गेली, छातीत कळ येऊन. मोठी आत्या अठ्ठावन्नची आहे, रक्तदाबाची गोळी घेते, आणि ती माझी सासू आहे.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मोठ्या आत्याच्या मुलाशी लग्न? मी मान हलवली. आमच्यात चालतं, नुसतं चालतं नाही, मामाच्या पोरीवर भाच्याचाच हक्क मानतात. आमचे पूर्वज कधीकाळी मैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथेच राहिले. मोजकीच घरं, मोजक्याच मुली, मग त्या घराबाहेर कशाला द्यायच्या, असा हिशेब. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक ओळ लिहून तिच्याखाली रेघ मारली. त्या रेघेची मला फार भीती वाटली. पोटातल्या जिवाला मी नऊ वर्षांनी बोलावून घेतलं होतं, आणि आमच्या घरातल्या बायका तर साठी बघत नव्हत्या. मला ती बघायची होती, बस्स, एवढंच.

निघताना मी विचारलं, किती जोरात चालू? त्या म्हणाल्या, सोपं आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. गाता आलं तर फार हळू चालताय. बोलता येईना, वाक्य मध्येच तुटायला लागलं, छातीत किंवा पोटात दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं.

घरी आत्याला हे सगळं सांगितलं. तिला मी लहानपणापासून आत्या म्हणते. लग्नानंतर चार लोकांत तुम्ही, घरात तू. आत्याचं तोंड म्हणजे सकाळी सहाला लागलेला रेडिओ. दूधवाल्याशी कन्नडमध्ये, देवाशी मराठीत, माझ्याशी दोन्हीत. तिचं म्हणणं, सुम्मने, उगाचच घाबरवतात हे डॉक्टर. तिच्या पोटात माझा नवरा होता तेव्हा ती सातव्या महिन्यापासून पलंगावरून उतरली नव्हती. सासूने रोज दूध, तूप, गूळ-खोबरं हातात आणून दिलं, आणि पोर झालं सव्वाचार किलोचं. हे सांगताना ती नेहमी काचेच्या कपाटाकडे हात करायची. तिथे एक चांदीची वाटी होती. दसऱ्याच्या प्रदर्शनात गुटगुटीत बाळांची स्पर्धा असायची, तिच्यात माझ्या नवऱ्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. शिपायांच्या घरातली पोरं अशीच जन्माला येतात, अल्लवा, हो की नाही, असं म्हणून ती ती वाटी दर शुक्रवारी राखेने घासायची. आता ते बक्षीस मिळवलेला माणूस अडतीस वर्षांचा आणि पोट सुटलेला होता, तो वाटी निघाली की उठून आंघोळीला जायचा.

तरी मी चालायला लागले. सकाळी नाश्त्यानंतर पायी ऑफिसला, दुपारी ऑफिसच्या व्हरांड्यात येरझारा, आणि संध्याकाळी सातला जेवून घेऊन आमच्या गल्ल्यांमधून फेरी. सकाळची साखर नीट, दुपारची नीट. संध्याकाळची मात्र चालल्यावर जास्तच यायला लागली. एकशे साठ, एकशे सत्तर, एकदा तर एकशे नव्वद.

त्याचं कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी ते कोणाला सांगत नव्हते. संध्याकाळी अग्रहारात बायका दाराच्या पायरीवर बसतात. त्यातल्या अर्ध्या आमच्या नात्यातल्या, उरलेल्या जन्मापासून ओळखीच्या. गर्भार बाई दारावरून गेली तर तिला कुंकू लावायचं, फूल द्यायचं आणि तोंड गोड केल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. नाही केलं तर दोष त्या घराला, आणि तिने नाही घेतलं तर दोष पोटातल्या पोराला. एका दारात तांदळाच्या पिठाचा गुळातला तंबिट्टु, दुसऱ्या दारात रव्याचा लाडू, तिसऱ्यात सणाचं उरलेलं ओब्बट्टु, म्हणजे पुरणपोळी, तुपाची धार सोडून. मला साखर आहे असं सांगावं तर त्या म्हणायच्या, घरचं आहे, घरच्या गुळाने काही होत नाही. मला दिवसभर ऑफिसात लोकांना नाही म्हणायचा पगार मिळत होता. संध्याकाळी माझ्यात एकही ‘नाही’ शिल्लक नसायचं. तोंड उघडायचं, गिळायचं आणि पुढे जायचं. साखर उतरवायला घराबाहेर पडायचं आणि दारोदार साखर खाऊन परत यायचं, असा माझा व्यायाम चालला होता.

आत्याला ते कळलं माझ्या पर्समुळे. अगदीच खाववेना तेव्हा मी एक तंबिट्टु पानात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि विसरले. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. आत्याने पर्स अंगणात झटकली, मग माझा साखरेचा कागद मागितला. तिला आकडे वाचता येत होते. तिने संध्याकाळचे आकडे बोटाने वरून खाली पाहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती एवढंच म्हणाली की उद्यापासून मी येते बरोबर, कोण खायला घालतंय बघते.

मला बरं वाटलं आणि वैतागही आला. चालण्यातली वीस मिनिटं हीच काय ती माझी एकटीची होती.

पण आत्या आली ती तोफेसारखी. पहिल्या दारात ताट पुढे झालं, तशी ती आडवी उभी राहिली. कुंकू लावा, फूल द्या, खायला काही बेड, नको, साकु, पुरे आता. दारातली म्हातारी म्हणाली की पोराला दोष लागेल. आत्याने सांगितलं, लागला तर माझ्या नावावर लाव. चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. ताटं आत गेली, तोंडं थोडी वाकडी झाली, आणि माझी संध्याकाळची साखर एकशे तीसवर आली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. सकाळची उपाशीपोटीची साखर मात्र हट्टाने वरच राहिली, म्हणून रात्रीचं थोडं इन्सुलिन लागलंच. ज्या सुईची पंधरा दिवस भीती घेतली होती ती डासाच्या चाव्याएवढी निघाली. मी उगाच स्वतःला नापास समजत होते.

डॉक्टरीणबाईंची परीक्षा मी आत्याला सांगून ठेवली होती. चालताना बोलता आलं पाहिजे. आत्याला ती फारच आवडली, कारण त्यात तिला पहिला नंबर मिळण्यासारखा होता. पहिला आठवडाभर ती अखंड बोलली. कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, तिच्या लग्नात तलकाडच्या पाहुण्यांनी कसा रुसवा धरला, माझे वडील लहानपणी किती रडके होते. मी हं म्हणत होते. माझे पाय दुखत, कंबर दुखत, पोटातलं पोर बरगडीला लाथ मारत असे, आणि कानाशी ही. देवा, ही पाच मिनिटं तरी गप्प बसू दे, असं मी एकदा मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू, एकदा नाही, रोज म्हटलं.

आणि ती गप्प व्हायला लागली. आधी आमच्या वाटेवर देवळामागे जो लहानसा चढ लागतो तेवढ्यापुरती. मग चढाच्या आधीपासून. मग निम्मी वाट. मला वाटलं, तिच्या गोष्टी संपल्या असतील. वाटलं, मी नुसतं हं हं करते म्हणून रागावली असेल. आणि मनापासून सांगते, मला बरं वाटलं. त्या शांततेत मी पाय ओढत चालायचे आणि रात्री आडवं कधी होता येईल याचा विचार करायचे. तिने त्या दिवसांत दाढेत लवंग धरायला सुरुवात केली होती. चालताना दाढ दुखते, घरी बसलं की राहते, म्हणाली. हे ऐकून माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात काहीतरी यायला हवं होतं. चालताना दुखणारी आणि बसल्यावर थांबणारी दाढ कोणाची असते? मी म्हटलं, शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे जाऊ.

शनिवार यायच्या आधी गुरुवार आला. सातचं जेवण झालं, आम्ही निघालो. आत्या पहिल्यापासून गप्प होती. देवळामागच्या चढावर मी पुढे गेले आणि मागे पावलं ऐकू येईनात म्हणून वळले. ती पिंपळाच्या कट्ट्यावर बसली होती, पदराने कपाळ पुसत. मला आठवतं, मी आधी घड्याळ बघितलं. म्हटलं, आत्या, चल की, माझी अजून नऊ मिनिटं राहिलीत.

तिने हात वर केला. थांब असा. बोलली नाही.

मी तिच्यापर्यंत आले. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि हात हनुवटीखाली धरलेला होता. तेव्हा, त्या क्षणाला, मला ती परीक्षा आठवली. महिनाभर मी ती रोज स्वतःची घेत होते. शेजारी चालणारी बाई त्यात रोज थोडी थोडी नापास होत होती आणि मी तिच्या गप्प बसण्याचं सुख घेत होते.

"आत्या, बोल," मी म्हटलं. "काहीतरी बोल."

"तुझी," ती म्हणाली, आणि श्वास घेतला. "तुझी वीस मिनिटं."

पुढचं ती बोलू शकली नाही. कट्ट्याशेजारी केळीच्या पानांचं दुकान होतं, तिथल्या बाईने पळत जाऊन रिक्षा आणली. दोघींनी मिळून आत्याला चढवलं. माझं पोट मध्ये येत होतं. रिक्षात मी तिचा हात धरून बसले आणि तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. तिने आयुष्यभर बोलावं आणि मी हं म्हणावं, एवढंच मागत होते.

हॉस्पिटलात लगेच गोळी चावायला दिली, हृदयाची पट्टी काढली, आत नेलं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या; दाढेतली ती कळ तिथूनच येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीत जाळी बसवली, दुसरीला औषधं. तिची साखरही बरीच निघाली, ती किती वर्षांपासून होती कोण जाणे. तिने कधी तपासली नव्हती. रक्तदाबाची गोळी घेते, ते पुरे, असं तिला वाटायचं, आणि आम्हालाही.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर तिची माहिती लिहून घ्यायला आले. नवरा बेंगळुरूहून आला होता, तो खाटेच्या पायाशी उभा होता, मी स्टुलावर बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, बाळंतपणात साखर होती का? आत्या म्हणाली, त्या वेळी कोण बघत होतं. बाळाचं वजन किती होतं? आणि आत्या, नाकात नळी असलेली, आवाज गेलेली, उशीवर थोडी वर सरकली. सव्वाचार किलो, म्हणाली. बक्षीस मिळालं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. आईची साखर वाढलेली असली की कधीकधी बाळ असं मोठं होतं, आता एवढ्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही, पण तेव्हा कोणी तपासलं असतं तर कदाचित कळलं असतं, असं ते कन्नडमध्ये हळूच म्हणाले. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी विचारलं, या सून का? आत्याने सांगितलं, सून आणि भाची. त्यांनीही कागदावर एक ओळ लिहिली.

ते गेल्यावर आत्या छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते बक्षीस माझ्या साखरेला दिलं होतं, अल्लवा?"

माझा नवरा खिडकीकडे वळला. मला हसू येईल असं वाटलं आणि रडू आलं. तिने ती वाटी अडतीस वर्षं घासली होती. घरातल्या प्रत्येक बाईचं पोर किती किलोचं होतं ते सगळ्यांना पाठ होतं, आणि त्या बाया कशाने गेल्या ते विचारलं की पित्त, वारा, नजर. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कोणी बघितल्या नव्हत्या, मीसुद्धा नाही.

नंतरचे दीड-दोन महिने कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. रजा, औषधं, दोन जणींच्या साखरेचे दोन कागद, मिठाशिवायचं जेवण, नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी. नवऱ्याने महिनाभर घरून काम मागून घेतलं. आत्याला डॉक्टरांनी घरातल्या घरात पाच मिनिटं चालायला सांगितलं होतं, तेव्हा जेवण झालं की आम्ही दोघी स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत चालायचो, मी पोट धरून, ती भिंत धरून. आता बोलायची पाळी माझी होती आणि उत्तर द्यायची तिची. मी प्रश्न विचारायचे, ती पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची, हा नियम. अर्धं वाक्य आलं की दोघी थांबायच्या. मी इतकी थकलेले असायचे की कधीकधी प्रश्न विचारून उत्तर ऐकायच्या आधी विसरायचे. ती मला आठवण करून द्यायची.

मुलगी झाली, दोन किलो आठशे. साखर नीट, रंग नीट, रडणं नीट. बारशाला गल्ली लोटली. ज्यांच्या ताटांना आत्याने आडवा हात केला होता त्या सगळ्या आल्या, पाळण्यात वाकून बघितलं आणि एकीमागून एक म्हणाल्या, बारीक आहे हो. शिपायांच्या घरात एवढंसं पोर. एकीने तर स्पष्टच म्हटलं, आईला खाऊ दिलं नाही, दुसरं काय होणार.

आत्या पाळण्याशेजारी खुर्चीवर बसली होती. तिने पाळण्याच्या दोरीला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बारीक नाही. बरोबर आहे."

त्यानंतर ती आणखी सात वर्षं होती. रोज संध्याकाळी माझ्याबरोबर चालायची, हळू, कट्ट्यावर एकदा बसून, आणि पूर्ण वाटभर बोलत. तिने साठी बघितली, पासष्टीला पोचली. गेली ती सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. मी ऑफिसात होते. त्या दिवशी मी तिचं एकही वाक्य ऐकलं नव्हतं, एवढंच मनाला लागून राहिलं आहे. ती चांदीची वाटी तिने मुलीला दिली होती, मुलगी तिच्यात खोडरबर ठेवते.

माझी साखर बाळंतपणानंतर गेली. दर वर्षी तपासते, रक्तदाब बघते, डॉक्टरीणबाईंनी मारलेल्या त्या रेघेची आठवण ठेवते. आणि चालते. हौस म्हणून नाही; मला आजही झोपायचंच असतं. आता बरोबर मुलगी असते, नऊ वर्षांची. तिचं मराठी जेमतेम, राग आला की कन्नडच. आत्या गेल्यावर वाटेत मी फारशी बोलत नाही, दिवसभर बोलून दमलेली असते. परवा देवळामागच्या चढावर मी अशीच गप्प होते आणि माझ्या हाताला एकदम ओढ बसली. मुलगी थांबली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, कट्ट्याकडे बघितलं, आणि तिचा आवाज घाबरलेला होता.

"माताडम्मा," ती म्हणाली. "आई, बोल. काहीतरी बोल."

हे तिला कोणी शिकवलं, मी विचारलं नाही. मी श्वास घेतला आणि तलकाडच्या पाहुण्यांनी आत्याच्या लग्नात कसा रुसवा धरला ते पहिल्यापासून, पूर्ण वाक्यांत, सांगायला लागले.